कापूस इथला, कापड तिथलं

दिवाळीनंतर खामगाव आणि मलकापूरच्या बाजारात कापसाच्या गाड्या लागतात. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात आणि त्या ट्रकमध्ये चढून जिल्ह्याबाहेर निघून जातात. सूत, माग, रंगाई, छपाई, कटिंग, शिलाई हे पुढचं बहुतेक सगळं दुसऱ्या कुठल्या तरी गावात होतं. मग काही महिन्यांनी कापसाचीच एखादी कुर्ती चिखलीच्या दुकानात टांगलेली दिसते आणि कापूस पिकवणाऱ्याच घरातली मुलगी ती विकत घेते. शेतकऱ्याच्या हाती पडलेला भाव आणि कुर्तीवरच्या चिठ्ठीतली किंमत यांत जे अंतर आहे, ते मधल्या हातांच्या कौशल्याचं आहे. बुलडाणा जिल्ह्यातल्या गाण्याचीही गत याहून वेगळी नाही. शेगावच्या पालखीतले टाळ-मृदंग, गावोगावची भजनी मंडळं, गोंधळ्यांचा संबळ, जात्यावरच्या ओव्या, तांड्यांवरची बंजारा गाणी असा कच्चा माल इथे मुबलक आहे. पण तो नीट रेकॉर्ड करणं, त्याचं मिक्सिंग करणं, तो प्रसिद्ध करणं आणि त्याचे हक्क सांभाळणं ही कामं बाहेर होतात. संगीतात किंवा फॅशनमध्ये पाऊल टाकू पाहणाऱ्या इथल्या मुलामुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. या क्षेत्रांतली उपजीविका झगमगत्या टोकाला नसून या मधल्या टप्प्यांत आहे, आणि ते टप्पे शिकता येतात.

आपल्या घरांत या विषयावर जो वाद होतो तो बहुतेक वेळा चुकीच्या चित्रावरून होतो. मुलाच्या डोळ्यांसमोर टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेचा मंच असतो, मुलीच्या डोळ्यांसमोर रॅम्प असतो, आणि वडिलांच्या डोळ्यांसमोर त्या मंचावरून परत आलेले हजारो असतात. वडिलांचं गणित बरोबरच आहे, कारण मंचावर जागा एकच असते. पण एका गाण्यामागे गीतकार, संगीतकार, संगीत संयोजक, वादक, ध्वनिमुद्रक, मिक्सिंग करणारा आणि हक्कांचा हिशेब ठेवणारा अशी माणसांची रांग उभी असते. एका ड्रेसमागे कापड निवडणारा, पॅटर्न काढणारा, सॅम्पल शिवणारा, भरतकाम करणारी, मापांची ग्रेडिंग करणारा, ऑर्डर वेळेत पोहोचवणारा मर्चंडायझर असतो. या रांगेतल्या प्रत्येकाला कामाचे पैसे मिळतात, आणि त्यांतल्या कुणालाही लाखोंनी मतं देऊन निवडून दिलेलं नसतं.

याचा एक दाखला आपल्या मातीतलाच आहे. कवी ना. घ. देशपांडे यांनी उभा जन्म मेहकरात वकिली करत काढला. त्यांची ‘शीळ’ ही कविता गो. ना. जोशी, म्हणजेच जी. एन. जोशी, यांनी 1930 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत गायली, एच.एम.व्ही.ने तिची ध्वनिमुद्रिका काढली आणि मराठी भावगीताच्या वाटचालीची सुरुवात त्या तबकडीपासून सांगण्याची प्रथा पडली. या गोष्टीचा इथवरचा भाग पुष्कळांना माहीत असतो. मला पुढचा जास्त मोलाचा वाटतो. जोशी नंतर एच.एम.व्ही.मध्येच अधिकारी झाले आणि काही दशकं इतरांचं गाणं-वाजवणं ध्वनिमुद्रित करत राहिले. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची 1967 ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही जगभर ऐकली गेलेली तबकडी त्यांच्याच निर्मितीतली. म्हणजे एका गाण्यातून दोन आयुष्यं फुटली. एकाने पोटासाठी वकिली ठेवली, गाव सोडलं नाही आणि कवितेत तडजोड केली नाही. ‘खूणगाठी’ या त्यांच्या संग्रहाला पुढे साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दुसरा गायक म्हणून सुरुवात करून ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात शिरला आणि तिथे मोठं काम करून गेला. यांतलं कुठलंही आयुष्य फसलेलं नाही. कलेची वाट म्हणजे एकतर लता मंगेशकर नाहीतर बेकारी, ही आपली समजूत या दोघांपुढे टिकत नाही.

कपड्यांच्या बाजूने कोल्हापूरच्या भानू अथैया यांच्याकडे पाहा. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्या चित्रकला शिकल्या. सुरुवात झाली ती स्त्रियांच्या मासिकासाठी फॅशनची रेखाचित्रं काढण्यापासून; तिथून त्या कपडे डिझाइन करण्याकडे आणि मग चित्रपटांच्या वेशभूषेकडे वळल्या. 1983 मध्ये ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी त्यांना जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. हा पुरस्कार चमचमत्या कपड्यांना मिळालेला नव्हता. तो खादी, धोतर, पंचा, साध्या साड्या अशा वेशांना मिळाला होता. कुठल्या काळातला, कुठल्या थरातला माणूस काय नेसायचा आणि कसं नेसायचा, हे नेमकं ठाऊक असण्याला मिळाला होता. आजीच्या नऊवारीचा काष्टा कसा बसतो, आजोबांचं धोतर सोग्याशी कसं पडतं, हे ज्या मुलीने लहानपणापासून पाहिलं आहे तिच्याकडे या ज्ञानाचं बी आहे. मात्र बी म्हणजे पीक नव्हे. अथैयांचा हात आधी चित्रकलेत वर्षानुवर्षं घासला गेला होता, हे विसरून चालणार नाही.

म्हणून पहिली पायरी हात घासण्याची. फॅशन शिकायची म्हटलं की घरात लॅपटॉप आणि महागड्या कोर्सची चर्चा सुरू होते. माझा आग्रह आहे की शिलाई मशीनपासून सुरुवात करा. आपल्याकडचे बहुतेक कुशल टेलर अंगावरून माप घेतात आणि खडूने थेट कापडावर आखून कात्री चालवतात. त्यांच्या हातात कसब असतं, पण ते त्यांच्या हातातच राहतं. तोच ब्लाऊज आधी कागदावर उतरवला, छाती, कंबर, खांदा, मुंढा यांची मापं लिहून पॅटर्न तयार केला, की तो पुन्हा तसाच शिवता येतो, तीन साइझमध्ये वाढवता-कमी करता येतो आणि दुसऱ्या बाईकडून शिवून घेता येतो. टेलर आणि डिझायनर यांच्यातला खरा फरक माझ्या मते पदवीपेक्षा या कागदाचा आहे. शासकीय आयटीआयमध्ये सुइंग टेक्नॉलॉजी, ड्रेस मेकिंग, फॅशन डिझाइन अँड टेक्नॉलॉजी असे एक वर्षाचे ट्रेड चालतात. ट्रेडप्रमाणे आठवी किंवा दहावी पास लागते आणि खर्च खाजगी क्लासच्या मानाने फारच थोडा असतो. आपल्या जवळच्या आयटीआयमध्ये यांपैकी कुठला ट्रेड आहे, हे एका चकरेत कळतं. शिलाई येते पण मशीन जुनी आहे, भांडवल नाही, अशांसाठी पीएम विश्वकर्मा योजना आहे. 2023 मध्ये सुरू झालेल्या या योजनेतल्या 18 व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला 500 रुपये भत्ता, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात 1 लाखापर्यंतचं कर्ज 5 टक्के व्याजाने मिळतं. नोंदणी सीएससी केंद्रातून होते आणि लाभ कुटुंबात एकालाच मिळतो, तेव्हा तो कुणी घ्यायचा हे घरात आधी ठरवा.

ज्यांना पुढे मोठ्या संस्थेत जायचं आहे त्यांनी तयारी शाळेतच सुरू करावी. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षांकडे पालक दहावीच्या वाढीव गुणांसाठी पाहतात. पण निसर्गचित्र, स्थिरचित्र, संकल्पचित्र यांचा तो सराव पुढे डिझाइनच्या प्रवेश परीक्षेत थेट उपयोगी पडतो. निफ्ट, म्हणजे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था, हिचं महाराष्ट्रातलं केंद्र खारघरला आहे. तिथला बी.डिझाइन हा अभ्यासक्रम चार वर्षांचा. बारावी कुठल्याही शाखेतून चालते. परीक्षेत एक भाग सर्जनशील क्षमतेचा, एक सामान्य क्षमतेचा, आणि पुढे हातात साहित्य देऊन वस्तू घडवायला लावणारी सिच्युएशन टेस्ट असते. ज्या मुलीने घरी पुठ्ठा, सुतळी, चिंध्या यांतून काहीबाही केलेलं असतं तिला त्या टेस्टची भीती वाटत नाही. पण खर्चाबद्दल मी आडपडदा ठेवणार नाही. फी आणि राहणं-खाणं धरून चार वर्षांचा आकडा दहा लाखांच्या पुढे जातो. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी संस्थेची मदत असते, शैक्षणिक कर्ज मिळतं. तरीही शेत विकून हा कोर्स करावा असं मी कुणालाही सांगणार नाही. आधी आयटीआय, मग दोन वर्षं एखाद्या चांगल्या वर्कशॉपमध्ये काम, आणि नंतर हवं तर पुढचं शिक्षण, ही वाट लांबची असली तरी तिच्यावर चालताना घर कर्जात बुडत नाही.

जिल्ह्यातल्या दोन गोष्टींकडे मात्र डिझाइन शिकणाऱ्यांनी मुद्दाम पाहावं. एक म्हणजे खामगावची चांदी. खामगावला रजतनगरी म्हणतात ते तिथल्या चांदीच्या लौकिकामुळे; दागिन्यांचं आणि अॅक्सेसरीचं डिझाइन शिकणाऱ्याला इतक्या जवळ कारागिरांची पेठ सहसा मिळत नाही. दुसरी गोष्ट तांड्यांवरच्या बंजारा स्त्रियांचं भरतकाम. फेटिया (घागरा) आणि कांचळी (चोळी) यांवरचे आरसे, कवड्या, नाणी, दाट टाके, ही कला आपण जत्रेत पाहून पुढे जातो. कर्नाटकात बल्लारी भागातल्या संडूर इथे याच भरतकामाला (तिथे त्याला लंबाणी म्हणतात) भौगोलिक मानांकन मिळालं आणि तिथल्या बायका संस्थेमार्फत त्यावर नियमित कमाई करतात. आपल्याकडे हे झालेलं नाही, तेव्हा करायला जागा आहे. फक्त एक पथ्य आहे. तांड्यावरच्या आजीकडून टाका शिकून स्वतःच्या नावाने विकायचा नाही. तिला कामाचे दर ठरवून पैसे द्यायचे आणि वस्तूवर तिचं आणि तांड्याचं नाव लावायचं. शहरातलं गिऱ्हाईक त्या नावासाठीसुद्धा पैसे मोजतं.

आता गाण्याकडे येतो. भजनाला बसायच्या आधी पखवाजी काय करतो ते कधी नीट पाहा. डाव्या पुडीवर तो मळलेल्या कणकेचा गोळा थापतो, बोटांनी कडा पातळ करतो, थाप मारून ऐकतो, पुन्हा थोडी कणीक काढतो. मग उजवी पुडी पेटीच्या स्वराशी मिळवण्यासाठी हातोडीने गठ्ठे वरखाली सरकवतो. काळी चारवर बसली की मान डोलावतो. आवाजाचा पोत आणि पट्टी यांची जी जाण ध्वनिमुद्रकाला लागते, तिचाच हा पाया आहे. असा कान तयार असलेली मुलं आपल्या गावांत शेकड्यांनी आहेत. त्यांना कुणी हे सांगितलेलं नाही की याच कानावर साऊंडचं काम शिकता येतं. लग्नाच्या मांडवात, कीर्तनाच्या सप्ताहात, राजकीय सभेत माईक शिट्टी मारतो, आवाज फुटतो, बुवांचे शब्द शेवटच्या रांगेला कळत नाहीत. स्पीकर भाड्याने देणारे पुष्कळ आहेत, मिक्सरसमोर बसून कान लावणारे थोडे. ज्याला हे जमेल त्याला आपल्याच तालुक्यात काम आहे, आणि ज्याला यात खोलवर जायचं आहे त्याच्यासाठी पदवीनंतर पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेत ध्वनिमुद्रण आणि ध्वनिसंरचनेचा अभ्यासक्रम आहे. वाद्यं दुरुस्त करणं हा असाच एक दुर्लक्षित व्यवसाय. पुडी बसवणं, शाई घालणं, पेटीचे सूर लावणं यासाठी मंडळांना आज दूर जावं लागतं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते कुणा गायकामुळे नाही, पिढ्यानपिढ्या वाद्यं घडवणाऱ्या हातांमुळे मिळालं.

गाणं-वाजवणंच करायचं असेल तर शिक्षणाची शिस्त हवी. पलुस्करांच्या परंपरेतल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंत जातात आणि लहान गावातला विद्यार्थीही जवळच्या केंद्रावरून त्या देऊ शकतो. प्रमाणपत्राने गळा गोड होत नाही हे खरं. पण विशारद झालेली मुलगी शाळेत, क्लासमध्ये, ऑनलाइन शिकवणीत उभी राहू शकते, आणि तो नियमित पैसा तिच्या रियाजाचं रक्षण करतो. लोकसंगीताची ओढ असलेल्यांनी मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीचा आणि शास्त्रीय शिक्षण हवं असणाऱ्यांनी पुण्याच्या ललित कला केंद्राचा अभ्यासक्रम जरूर पाहावा.

हक्कांच्या बाबतीत मात्र आपले कलावंत अजून भोळे आहेत, आणि त्याची मला मनापासून चिंता वाटते. गाणं मोबाइलवर पसरतं, एखादी कंपनी पाच-दहा हजार रुपये देऊन कागदावर सही घेते आणि पुढे लाखो वेळा वाजलेल्या गाण्यातून गीतकाराला काही मिळत नाही. कायदा तुमच्या बाजूने आहे, तो माहीत करून घ्या. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला देण्याचा करार लेखी आणि सही केलेला असावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. म्हणून ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगासाठी’ हे शब्द दिसले की सहीचा हात थांबवा आणि विचारा. 2012 च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा असा पक्का केला की तो कंपनीला लिहून देता येत नाही. ही रॉयल्टी गोळा करून सदस्यांना वाटण्याचं काम आयपीआरएस ही संस्था करते. गायकांसाठी इसाम्रा (पूर्वीची इस्रा) आहे. स्वतःचं पहिलं गाणं प्रसिद्ध झालं की सदस्यत्वाची चौकशी करा. गावातल्या दोन मित्रांनी मिळून गाणं केलं तरी शब्द कुणाचे, चाल कुणाची, वाटा किती, हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. त्याने मैत्री तुटत नाही. न लिहिल्यानेच ती तुटलेली जास्त दिसते.

आता हरकती. उत्पन्न स्थिर नाही, ही पहिली, आणि ती खरी आहे. लग्नसराईत ब्लाऊजवाल्या बाईला जेवायला वेळ नसतो आणि लग्नं थांबली की मशीन धूळ खाते, साऊंडवाल्याचंही तेच. पण हंगामी उत्पन्नाचं वावडं कोरडवाहू कापूस-सोयाबीनच्या जिल्ह्याने सांगावं का? शेतकरी जसं एका पिकावर घर टाकत नाही, तसंच इथेही करायचं. लग्नाच्या ब्लाऊजच्या जोडीला शाळेच्या गणवेशाचं काम घ्यायचं, कार्यक्रमांच्या जोडीला शिकवणी घ्यायची. पहिली तीन वर्षं दुसरी नोकरी हातात ठेवली तर त्यात कमीपणा नाही, ना. घं.नी वकिली जन्मभर ठेवली होती.

दुसरी हरकत कुणी उघड बोलत नाही, पण घरोघर असते. शिवणकाम शिंप्याचं, चामड्याची वाद्यं अमक्यांची, बँड तमक्यांचा. शिकलेल्या मुलाने हे का करायचं? ज्या जातींनी ही कसबं शतकानुशतकं जपली त्यांना आपण ना मान दिला ना दाम, आणि आता त्याच कसबाला इंग्रजी नाव लागलं की दहा लाख फी भरायला तयार होतो. हा मनाचा गुंता सोडवल्याशिवाय कुठलाही कोर्स कामाला येणार नाही. ज्यांच्या घरात हे काम पिढीजात आहे त्या मुलांना मी मुद्दाम सांगेन, लाजू नका. निफ्टच्या पहिल्या वर्षाला मुलं जे नव्याने शिकतात ते तुम्ही वडिलांच्या मशीनशेजारी बसून पाहिलेलं आहे. त्याला कागदाची आणि हिशेबाची जोड द्या.

मुंबईला गेल्याशिवाय काही होत नाही, असंही म्हणतात. काही कामांसाठी जावं लागेलच. शेगाव, नांदुरा, मलकापूर मुंबईच्या रेल्वेवर आहेत, समृद्धी महामार्ग मेहकर-सिंदखेडराजावरून जातो. जाणं-येणं आता पूर्वीसारखं अवघड नाही. पण रिकाम्या हाताने, केवळ नशीब काढायला जाणं वेगळं आणि वीस नमुन्यांची फाइल किंवा पाच नीट रेकॉर्ड केलेली गाणी घेऊन जाणं वेगळं. शेवटची हरकत अगदी ताजी आहे, की संगणकच आता गाणी करतो आणि डिझाइनं काढतो. करतो, आणि सरसकट जिंगल, सरसकट छपाईची नक्षी यांची कामं त्यामुळे कमी होतील, हे मान्यच करायला हवं. म्हणूनच ज्या कामात प्रत्यक्ष अंगाचं माप आहे, प्रत्यक्ष चामड्याचा आवाज आहे, वऱ्हाडी बोलीचा ठसका आहे, तिकडे तरुणांनी वळावं असं मी म्हणतो.

सुरुवातीला पैसे लागत नाहीत. गाण्याकडे ओढा असेल तर या रविवारी आजीजवळ बसा, पंखा बंद करा, फोन तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवा आणि तिला आठवतील तेवढ्या ओव्या रेकॉर्ड करा. तिचं नाव, गाव, तारीख वहीत लिहा. महाराष्ट्रात अशा एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या अभ्यासकांनी गोळा केल्या आहेत, तरी तुमच्या आजीच्या त्यांत असतीलच असं नाही. शिवणाची ओढ असेल तर आईचा जुना, नीट बसणारा ब्लाऊज मागून घ्या आणि त्याचे टाके ब्लेडने हळूहळू उसवा. तुकडे इस्त्री करून वर्तमानपत्रावर पसरा, पेन्सिलने कडेने फिरवा, अर्धा इंच शिलाईची जागा वेगळी दाखवा. पुढचा आणि मागचा भाग एकमेकांवर ठेवलात की दिसेल, मुंढ्याचा गोल पुढे जास्त आत गेलेला आहे. तो तसा का असेल, हे हात पुढे करून आरशात पाहा, आणि मग पुढचा तुकडा उचला.